गिरिजा-आठची बखर

प्रत्येक गावात असा एक सद्गृहस्थ नांदत असतो, की ज्याच्या लेखी जगातील यच्चयावत शोध प्रथम त्याच्याच वेशीच्या आत लागलेले असतात आणि पुढे केवळ कागदपत्रांच्या हयगयीमुळे फेरफार होऊन परक्यांच्या नावे चढलेले असतात. अजिंठ्याच्या रस्त्यावरील आमच्या फुलंब्रीत हे वतन मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या एका इसमाकडे आहे. विमान, शून्य असल्या सार्वजनिक मिळकतींवर ते हक्क सांगत नाहीत. त्यांचा दावा माफक आहे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ बाजारात आणला, त्याच्या दोन वर्षे आधी, ऐन मृगाच्या तोंडावर, फुलंब्रीत ‘गिरिजा-आठ’ नावाचा व्हिडिओ गेम सिद्ध झाला होता, एवढेच. नाव तालुक्यातून वाहणाऱ्या नदीचे आणि आकडा आठ बिटांचा. कर्ते त्यांचे काका. ते निपुत्रिक वारले, त्यामुळे उलटतपासणीस कोणी उरले नाही.

सामान्य थापाड्या यशाची कथा रचतो आणि पुराव्याच्या पहिल्याच पायरीवर घसरतो. आमचे बखरकार अपयशाची रचतात. बुडालेल्या धंद्याचा दाखला मागण्याइतका निष्ठुर मनुष्य मराठवाड्यात अद्याप जन्मावयाचा आहे. शिवाय हा मुलूख १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली असल्यामुळे गहाळ दप्तर ही आमच्याकडे सबब समजली जात नाही, वहिवाट समजली जाते. गिरिजेची पेटी म्हणे स्टॅबिलायझरची होती, कळा कॅल्क्युलेटरच्या आणि खेळ तीन. त्यांपैकी थोरला म्हणजे बैलगाडी खड्डे चुकवीत औरंगाबादेस पोचविण्याचा. परंतु यंत्राची स्मृती अवघी दोन किलोबाइट, त्यामुळे गाडी चौक्याच्या घाटात आली की स्मृती संपे आणि बैल जागच्या जागी उभे राहत. “फॅमिकॉमचीही तेवढीच होती, गुरुजी,” असे ते वर सांगतात, आणि ती गोष्ट अक्षरशः खरी असते! असत्याच्या भिंतीत असा एक खरा चिरा बसविण्याची त्यांची हातोटी पाहून पाथरवटानेही मान डोलवावी.

१९८१ साली फुलंब्रीत टीव्ही किती होते, असे मी एकदा खवचटपणे विचारले. “म्हणून तर बुडाला!” ते उत्तरले. मग काकांनी घडविलेले गिरिजेचे चाळीसही संच गेले कोठे? काकांनी उद्वेगाने विहिरीत लोटले. मी हसलो, तेव्हा त्यांनी अमेरिकेचा दाखला पुढे केला: अटारी कंपनीने न खपलेल्या कॅसेटी १९८३ साली न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरल्या, त्या २०१४ साली उकरून निघाल्याच ना? आमची विहीर अजून कोणी उपसलेली नाही, इतकाच फरक.

दुरुस्तीत मात्र हा मनुष्य तिळमात्र खोटेपणा चालवून घेत नाही. परवा त्यांच्यापुढे पिवळट पडलेला एक जुना व्हिडिओ गेम पोट उघडून पडला होता. आत डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका, त्याखाली सारी बुद्धी दडलेली, आणि शेजारी ‘९९९९९९९ इन १’ अशी बढाई मारणारी कॅसेट, जिच्यात तेच ते मूठभर खेळ नावे बदलून पुनःपुन्हा हजेरी लावतात. गिऱ्हाइकाने कॅसेटीत फुंकर मारताच ते खेकसले, “थुंकीने पट्ट्या गंजतात!” आणि शाळकरी खोडरबराने ते एकेक तांबडी पट्टी, देवघरातील टाक उजळावेत तशी, उजळीत बसले.

इतक्यात शहरातून आलेल्या एका पोराने मोबाइल रोखून गिरिजेची हकीकत विचारली. बखरकारांनी ती यथासांग कथन केली व साक्षीदार म्हणून माझ्याकडे बोट दाखविले. मी सेवानिवृत्त शिक्षक. जन्मभर मुलांना खरे बोलण्याचा उपदेश केलेला. घसा खाकरून मी म्हणालो, “होय, मी खेळलोय. डावी कळ जरा अडकायची.”

“उजवी, गुरुजी,” खोडरबर न थांबविता ते म्हणाले. “डावी काकांनी बदलली होती.”