मोटर जाळण्याची सोपी पद्धत
(उमरखेड तालुक्यातील नव्या ओलितकऱ्यांसाठी)

अभिनंदन! विहिरीत पाच एचपीची थ्री फेज मोटर उतरली, झाडाला स्टार्टरची पेटी ठोकली, हळदीला पाणी सुरू झालं. आता तुम्ही बागायतदार. पहिल्याच हंगामात मोटर तापू लागेल आणि स्टार्टर वरचेवर ट्रिप होईल. अशा वेळी ढाणकीपासून मुळाव्यापर्यंत कोणत्याही बांधावर जे उपाय फुकट सांगितले जातात, ते इथे क्रमाने दिले आहेत. एकही पायरी गाळू नये.

साहित्य: पऱ्हाटीची काडी 1, वीतभर जाड तांब्याची तार, मोठा कॅपॅसिटर, ऑटो स्विच, आणि "माह्यावर सोडा" म्हणणारा एक जाणकार.

पायरी 1. स्टार्टरचं तोंड बंद करा.
स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. त्यात दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते. करंट वाढला की पट्टी तापते, वाकते आणि मोटर बंद पाडते. पाच एचपीची मोटर साधारण साडेसात ॲम्पिअर घेते. दहा-बारा घेऊ लागली तर काहीतरी बिघडलं आहे, एवढंच ती पट्टी सांगत असते. पण हळद तहानलेली असताना तिचं कोण ऐकणार? रिलेची चकती शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवा. तरी ट्रिप होत असेल तर रिलेची ट्रिपची दांडी हलू नये म्हणून तिथे पऱ्हाटीची काडी खुपसा. आता मोटर बंद पडणार नाही. जळेल, पण बंद पडणार नाही.

पायरी 2. फ्यूज सुधारा.
बारीक तार वारंवार उडते आणि पेटीपर्यंत चिखल तुडवत जावं लागतं. तिच्या जागी जाड तार पीळ देऊन बसवा. तार इतकी मजबूत असावी की आधी मोटर जाईल, मग केबल, आणि तार शेवटपर्यंत शाबूत राहील.

पायरी 3. दोन फेजवर चालवा.
एखाद्या फेजची लाइन गेली तर थांबू नका. स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर असेल तर तो मोटर चालू देणार नाही. जाणकाराकडून काढून घ्या आणि कॅपॅसिटर जोडून मोटर उठवा. चालत्या मोटरचा एक फेज गेला तर उरलेल्या दोन फेजचा करंट सुमारे 1.73 पट होतो. वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्या तारांत जवळपास तिप्पट. पाणी मात्र येत राहतं, आणि पाणी येतंय तोवर कोणाला वास येत नाही.

पायरी 4. ऑटो लावा आणि झोपा.
ही पायरी हसण्यावारी नेऊ नये. शेतीची थ्री फेज लाइन आठवड्यात काही दिवस रात्रीची असते. पौषात रात्री दोनला, रानडुकरांच्या वाटेवरून, हातात बॅटरी घेऊन बटण दाबायला जाणं कोणालाही नको असतं. म्हणून ऑटो: लाइन आली की मोटर आपोआप सुरू.

अडचण एवढीच की शेजाऱ्याकडेही ऑटो आहे आणि त्याच्या शेजाऱ्याकडेही. मोटर उठताना नेहमीच्या सहापट करंट ओढते. 63 केव्हीएच्या डीपीची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची, कुवत साधारण 84 ॲम्पिअर. पाच एचपीच्या दहा मोटरी एकाच क्षणी उठल्या तर मागणी साडेचारशे ॲम्पिअरची! व्होल्टेज कोसळतं, मोटरी जागच्या जागी घुमत राहतात, ऑटो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मोटर जाळण्याच्या कामात डीपी सहभागी होतो तो असा.

पायरी 5. कोरडी फिरवा.
वैशाखात विहीर तळाला जाते. सबमर्सिबल मोटरला थंड ठेवतं ते तिच्या अंगाभोवतीचं पाणी. ते खाली गेलं की पाइपातून हवा येते, बुश घासतात, वायंडिंग उकळतं. पाच मिनिटं थांबून झऱ्यांना भरू देणं हा कमकुवत मनाचा उपाय आहे.

शंकानिरसन

*व्होल्टेज 415 ऐवजी 320 येतं. कमी लाइन म्हणजे मोटर थंडच राहील ना?*
नाही. पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून मोटर करंट जास्त ओढते आणि अधिकच तापते.

*थोडी तापली तर काय बिघडतं?*
आज काही नाही. पण ढोबळ नियम असा, की सोसण्याच्या मर्यादेपलीकडे तापमान दर 10 अंशांनी चढलं की तारेवरच्या इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. दहा वर्षांची मोटर पाच वर्षांत, मग अडीच वर्षांत.

*एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे. मग काळजी कशाची?*
वीज मोफत आहे. रिवायंडिंग नाही. मोटर विहिरीतून काढायला लागणारी माणसंही नाहीत, आणि आठ दिवस सुकलेली हळद तर नाहीच.

*महावितरण स्वतःच कॅपॅसिटर लावा म्हणते, मग पायरी 3 चूक कशी?*
तो कॅपॅसिटर वेगळा. एचपीनुसार निवडून तिन्ही फेजला जोडला की लाइनवरचा फुकटचा करंट कमी होतो. त्याच आवाहनात ऑटो काढायलाही सांगितलेलं असतं. ते वाक्य आपण वाचत नाही.

परिशिष्ट: मोटर जाळायची नसल्यास

(ज्यांना बांधावर चार लोकांत बसायचं नाही त्यांच्यासाठीच.)

रिलेची चकती मोटरच्या प्लेटवर लिहिलेल्या ॲम्पिअरवर ठेवा. सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि ड्राय रन बंद करणारं पॅनल परत बसवा. ऑटो काढता येत नसेल तर निदान टायमर लावा आणि शेजाऱ्यांशी ठरवून प्रत्येकाने काही मिनिटांचा फरक ठेवा. दहा मोटरी एकामागून एक उठल्या तर डीपी तगतो. पावसाळ्याआधी मेन स्विच पाडून, परवानाधारक वायरमनकडून पेटीतल्या पाली, मुंग्या आणि काळे पडलेले पॉइंट साफ करून घ्या, अर्थिंग तपासून घ्या. स्टार्टर ट्रिप झाला तर लगेच हिरवं बटण दाबू नका. पट्टी थंड व्हायला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात तिन्ही फेज आहेत का आणि विहिरीत पाणी किती आहे ते पाहा. अनेकदा कारण या दोन्हींपैकी एकात सापडतं.

या पद्धतीचा एक तोटा आहे. ती पाळणाऱ्याच्या मोटरीला जाणकाराचा हात कधी लागत नाही, आणि रिवायंडिंगवाला त्याला नावानं ओळखत नाही.