टाइमटेबल लागलं आणि तोंडं उतरली

अहो, ऐकलंत का? कॉलेजचं टाइमटेबल लागलं म्हणे परवा. हो हो, तेच कॉलेज. नाव कशाला घ्यायचं, आमच्या जाऊबाई तिथेच शिकवतात. त्यांनीच सगळं सांगितलं, आणि वर "कुणाला बोलू नका हं" म्हणाल्या. आता तुम्ही काय परक्या आहात का...

तर टाइमटेबल कमिटीचे ते गणिताचे सर आहेत ना, उंच, शांत? त्या माणसानं मे महिन्यात लेकीचं लग्न हसत हसत लावलं, कपाळावर आठी नाही. पण जूनमध्ये एक्सेलचं शीट उघडलं आणि बीपीची गोळी सुरू झाली! शीट तरी कसलं, नुसती रंगपंचमी. सायन्स हिरवं, कॉमर्स पिवळं, आर्ट्स गुलाबी, आणि दोन वर्ग एकाच खोलीत आले की तांबडं. जाऊबाई म्हणाल्या, पहिल्या दिवशी तांबड्याशिवाय काही दिसतच नव्हतं.

पूर्वी कसं सुटसुटीत होतं. सकाळी आर्ट्स-कॉमर्स, दुपारी अकरावी-बारावी, सायन्सवाले आपले लॅबच्या बाजूला. एफवायबीए म्हणजे एक खोली, वर्षभर तीच. मुलं बाकावर बसून, सर तेवढे बदलायचे. आता ते नवीन शैक्षणिक धोरण आलं ना, 2024-25 पासून सगळ्याच संलग्न कॉलेजांत. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी... मी म्हटलं, अहो जाऊबाई, ही काय बाराखडी म्हणायची? तर म्हणतात, बाराखडी पाठ होते, हे होत नाही. सेमिस्टरला 22 क्रेडिट भरायची. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे 15 तास, प्रॅक्टिकलचं म्हणजे 30. म्हणजे क्रेडिट तेवढंच, पण प्रॅक्टिकल खोली अडवणार दुप्पट वेळ! शिवाय मुलांच्या बॅच पाडायच्या, त्या वेगळ्याच.

आणि त्यात ते ओई. ओपन इलेक्टिव्ह हो. पोरांनी आपली शाखा सोडून दुसऱ्या शाखेतला विषय घ्यायचा. केमिस्ट्रीची मुलगी शेअर बाजार शिकणार, कॉमर्सचा मुलगा नाटक. ऐकायला छानच वाटतं की नाही? पण मग त्यासाठी अख्ख्या कॉलेजचा तास एकाच वेळी मोकळा ठेवावा लागतो. त्या एका तासाला सगळी पोरं एकदम जिन्यात! मराठीच्या ओईला मुलं 18 आणि खोली मिळाली मोठा हॉल. शेअर बाजाराला मुलं 150 आणि खोली 60 जणांची. का, तर हॉल आर्ट्सच्या इमारतीत आहे, आणि आर्ट्सचा हॉल कॉमर्सला द्यायचा म्हणजे... जाऊ दे.

बरं, विद्यार्थ्यांनी कुठला विषय घेतलाय हे कळल्यावर टाइमटेबल करावं, इतकं साधं आहे की नाही? पण प्रवेशाच्या फेऱ्या संपता संपत नाहीत. मुलं येतच राहतात आणि तास तर सुरू करायचेच. म्हणून आधी लागतं 'तात्पुरतं टाइमटेबल'. मग 'सुधारित'. मग 'सुधारित 2'. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तीन पीडीएफ, आणि पोरं चुकीची उघडून भलत्याच वर्गात बसतात. एकजण म्हणे दोन आठवडे मानसशास्त्राला बसला, त्याला आवडलंसुद्धा. त्याचा विषय होता भूगोल!

तर काय सांगत होते... हां, मीटिंग. अहो, मीटिंगमध्ये काय झालं ते ऐका. उपप्राचार्य बाईंनी शीट पडद्यावर लावलं. फिजिक्सचे हेड लगेच उभे. "बारा नंबरची खोली आमची आहे." का हो तुमची? तर म्हणे तिथला प्रोजेक्टर आमच्या विभागाच्या ग्रँटमधून आलाय. त्यावर कॉमर्सच्या बाई कशा बसतील गप्प? "मग प्रोजेक्टर न्या काढून, खोली तरी सोडा!" जाऊबाई म्हणाल्या, सरांचा चेहरा असा झाला, जणू कुणी ताटातली पुरणपोळी उचलली.

मग सुरू झाली खरी यादी. एका सरांना शुक्रवारी तीननंतर तास नको, गावी जायचं असतं. एका बाईंना पहिला तास नको, मुलाची रिक्षा असते. एक सर म्हणाले मला लागोपाठ दोन तास झेपत नाहीत, तर दुसरे म्हणाले मला मधे गॅप नको, मी एवढा वेळ करू काय! आणि सगळ्यांना तास हवे कधी? सकाळी नऊ ते बारा. गणिताच्या सरांनी हळूच विचारलं, "मग दोननंतर कोण घेणार?" अहो, टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

आणि नेमके तेव्हा शिपाईमामा चहा घेऊन आत आले. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्याकडे, कुठली खोली कधी उघडली याची वहीही त्यांचीच. उपप्राचार्य बाईंनी सहज विचारलं, "मामा, दुपारी खोल्या किती लागतात हो?" मामांनी ट्रे ठेवला, वही काढली, पान उलटलं आणि सांगितलं, "मॅडम, दोननंतर दुसरा मजला मी उघडतच नाही. कुणी येत नाही." संपलं! अर्धा तास 'खोल्या कमी, खोल्या कमी' म्हणून घसा कोरडा करणाऱ्यांनी निमूट कप उचलले. मामा आपले बिस्किटं वाटत पुढे...

आता तुम्ही म्हणाल, ही मास्तर मंडळी एवढी का भांडतात. तर त्यालाही कारण आहे हो, उगीच नाही. युजीसीचा 2018 चा नियम आहे, सहायक प्राध्यापकांनी आठवड्याला 16 तास शिकवायचं, सहयोगी आणि प्राध्यापकांनी 14. विषयाला मुलं आली नाहीत की वर्कलोड कमी, आणि वर्कलोड कमी झाला की पदावरच टाच. म्हणून तिसऱ्या मजल्यावरची, पंखा न फिरणारी खोली कुणालाच नको. पोरं तिथवर चढत नाहीत, आणि पुढच्या वर्षी तो विषयच घेत नाहीत.

पवईला आयआयटीत माझा भाचा होता ना, त्यांच्याकडे हे असलं काही नाही म्हणे. तिथे स्लॉट असतात. स्लॉट नंबर एक म्हणजे आठवड्यातले अमुक वार, अमुक वेळा, आधीच ठरलेल्या. विषय त्या स्लॉटमध्ये बसवायचा. एकाच स्लॉटमधले दोन विषय आवडले तर एकावर पाणी सोडा. रुसायला कुणाजवळ जाणार?

आणि आमची पुतणी अमेरिकेत, इंडियाना राज्यात पर्ड्यू युनिव्हर्सिटीत आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. फोनवर तिला हे सगळं सांगितलं तर हसत सुटली. म्हणाली, "काकू, आमच्याकडे यासाठी युनिटाइम नावाचं सॉफ्टवेअर आहे, इथेच तयार झालं, आणि ते कुणालाही फुकट वापरता येतं." तिथे तास साच्यातले. सोमवार-बुधवार-शुक्रवार 50-50 मिनिटं, नाहीतर मंगळवार-गुरुवार 75-75. दोन्हीकडे आठवड्याला 150 मिनिटंच. पहिला तास सकाळी साडेसातला, थंडीत बर्फ असला तरी! मोठे हॉल आधी मध्यवर्ती ऑफिस वाटून टाकतं, मग उरलेल्या खोल्या विभागांकडे. आणि मुलांना कुठले विषय हवेत, हेही आधी त्या कॉम्प्युटरला सांगतात.

मी म्हटलं, मग काय, बटण दाबलं की झालं! तर म्हणते, तसं नाही काकू. 1976 मध्ये इव्हन, इताई आणि शामीर अशा तिघांनी सिद्ध केलंय की टाइमटेबल हा प्रश्न मुळातच अवघड जातीचा. सगळ्यांच्या अटी पाळून ते बसतंय का, हे कितीही मोठ्या कॉलेजसाठी झटपट सांगणारी हमखास रीत अजून कुणाला सापडलेली नाही. आणि तो शामीर कोण, माहितेय? त्या आरएसएमधला 'एस'! इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणारं ते कुलूप ज्यांनी शोधलं, त्या तिघांपैकी एक. म्हणजे बघा, तसल्या डोक्याच्या माणसानं सांगून ठेवलंय, आणि आमचे गणिताचे सर एकटे, रात्री जेवणं झाल्यावर, एक्सेलमध्ये... त्यांच्या बायकोची कीव येते मला.

हे मी जाऊबाईंना सांगितलं, तर म्हणतात, "सॉफ्टवेअर आम्हीही आणू हो, पण शुक्रवारी तीननंतर नको ही अट त्यात कोण टाकणार आणि कोण काढणार?" तेही खरंच.

पण मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या सीएचबीच्या बाई आहेत ना, तासावर पैसे मिळतात त्या. सकाळी इथे शिकवायचं, दुपारी दुसऱ्या कॉलेजात. 'सुधारित 2' मध्ये त्यांचा तास अकरावरून साडेबारावर गेला. म्हणजे तिकडचा तास बुडाला आणि त्याचे पैसेही. त्यांना मीटिंगला बोलावलंच नव्हतं. आणि खेड्यातून एसटीनं येणारी पोरं? नऊचा तास, मग एकदम एकचा. मधले तीन तास कुठे बसायचं? लायब्ररीत जागा नाही, कँटीनमध्ये चहा घेतल्याशिवाय बसू देत नाहीत. शेवटची सोयीची बस गाठायची तर दुपारच्या प्रॅक्टिकलला हजेरी पडत नाही, आणि मग तेच सर म्हणतात, आजकालच्या मुलांना शिकायचंच नाही!

मी तर स्पष्ट सांगते, खोल्या कमी नाहीत. नऊ ते बारा हे तीन तास कमी आहेत, आणि ते ज्याचा आवाज मोठा त्याला मिळतात.

तुमची नात यंदा एफवायला आहे ना? तिला सांगा, ओई भरण्याआधी नुसतं विषयाचं नाव बघू नकोस, वार आणि वेळ बघ, खोली कुठल्या मजल्यावर आहे तेही बघ. आणि दोन विषय एकाच वेळी आले तर वर्गातल्या चार मुली मिळून पहिल्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठल्याच टाइमटेबलात येत नाही हो.