बैलाचे दात, पोराची दाढ

पौष पौर्णिमेला म्हसा गावची जत्रा भरली की खांबलिंगेश्वराच्या रांगेइतकीच गर्दी बैलबाजारात. गिऱ्हाईक बैलाचा खालचा ओठ ओढून दात बघतो. पक्के दात किती : एकही नाही म्हणजे आदत, दोन म्हणजे दुसा की चार म्हणजे चौसा? आठही जुळले असतील तर भाव पाडा! सौदा झाला की हेच गृहस्थ पोराच्या हातात जिलेबीचा पुडा देतात. पोराच्या तोंडात मात्र डोकावत नाहीत. तिथे भाव कुठे करायचाय?

डोकावले असते तर एक पाहुणी दिसली असती. सहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाच्या दातांच्या मागे, एकही दात न पाडता पक्की दाढ गुपचूप उगवते. पडलेला दुधाचा दात आपण हौसेने कौलावर फेकतो. या दाढेची घरात कुणाला खबरही नसते. ती किडली की निदान तयार : ‘‘दुधाचीच आहे, पडेल.’’ पडते किंवा काढावी लागते, पण तिच्या जागी दुसरी येत नाही.

या दाढेच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद, की ब्रशचा केसही आत शिरत नाही. जिलेबीचा पाक बरोब्बर शिरतो. त्यावर उपाय सीलंट. दाढ साफ करायची, आम्लाचं जेल लावून धुवायची, कोरडी करायची, पातळ रेझिन खाचांत भरायचं. निळ्या प्रकाशात ते काही सेकंदांत कडक होतं. सुई नाही, ड्रिल नाही. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी सांगते, दाढांची ८० टक्के कीड यामुळे दोन वर्षं टळते. बारा वर्षांच्या सुमारास तिच्यामागची पक्की दाढ आली की पुन्हा तेच.

आपल्याकडे २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. पथक शाळेत येतं, दातही बघतं. पण तपासणी शोधते कीड आणि सीलंटला हवी न किडलेली दाढ! म्हणजे ज्याच्या नावापुढे ‘ठीक’ लिहून गाडी पुढच्या पाड्याला निघते, खरं काम त्याच्याच तोंडात बाकी असतं.

पहिलीचा प्रवेश आणि पहिली पक्की दाढ साधारण एकाच वर्षी येतात. शाळा जन्मदाखला मागते, आधार मागते, फोटो मागते. एवढं मागतोच आहोत, तर गुरुजी, पोराला ‘आ’ करायलाही सांगा. त्याला झेरॉक्स लागत नाही.