अर्ध्या मोटारीचे पत्र

श्री. रा. रा. चौकाचे आराखडाकार साहेब यांस,



पत्रावर तुमचं नाव नाही, कारण ते कुणालाच ठाऊक नसतं. कोनशिलेवर मंत्र्यांचं नाव असतं, कामाच्या फलकावर ठेकेदाराचं असतं, आणि चौकात कुणी चिरडलं की दुसऱ्या दिवशी पेपरात ड्रायव्हरचं असतं. तुमचं कुठेच नाही. इतकी प्रसिद्धिपराङ्मुखता हल्ली बुवा-महाराजांतही राहिलेली नाही. चौकाचं नावही मी लिहीत नाही. आपल्या नगरात (अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ अजून वळत नाही) पुण्याचा रस्ता येतो, मनमाडचा येतो, संभाजीनगर, कल्याण, सोलापूर, दौंड, पाथर्डी, जामखेड, सगळ्यांचे येतात. ज्याला वाचून ‘हा तर आमच्याच घराजवळचा चौक’ असं वाटेल, त्यानं तो आपला मानावा.

माझी ओळख करून देतो. मी अर्धी मोटार आहे.

एकसष्ट वर्षं मी स्वतःला माणूस समजत होतो. गैरसमज भाच्यानं दूर केला. तो सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. माझा हात प्लास्टरमध्ये असताना भेटायला आला आणि वेळ जावा म्हणून त्यानं इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुस्तकातला एक तक्ता दाखवला. रस्त्यावरून काय काय जातं ते मोजायचं आणि सगळ्याचं रूपांतर मोटारींत करायचं. मोटार म्हणजे एक. बस किंवा ट्रक म्हणजे तीन. ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार. बैलगाडी आठ. सायकल ०.५. हा हिशेब गावाकडच्या रस्त्यांचा. शहरी रस्त्यांचं पुस्तक वेगळं, त्यात आणखी खुबी आहे: रहदारीत सायकली शेकडा दहा असतील तर अर्धी मोटार, पाचच असतील तर ०.४. म्हणजे आम्ही जितके कमी उरू तितका एकेकाचा भाव आणखी उतरणार. कांद्याचं तरी उलटं असतं.

आकडा कशाचा, हेही भाच्यानं समजावलं. कोणतं वाहन मोटारींच्या वाटेत किती अडचण करतं, त्याचं ते माप. बैलगाडी फार अडवते म्हणून आठ, मी थोडा अडवतो म्हणून अर्धा. त्या तक्त्यात माझी किंमत माझ्या अडथळ्याएवढी. २८ फेब्रुवारी २०२४ ला पहाटे नवी मुंबईत नेरुळजवळ अवतार सैनी सायकलवर होते. मागून टॅक्सीनं उडवलं, ते गेले. इंटेलच्या ३८६ आणि ४८६ या प्रोसेसरांच्या घडणीत या माणसाचा हात होता. आपल्या पिढीनं संगणक म्हणून जे पहिल्यांदा पाहिलं त्याच्या पोटात तेच होते. तुमच्या तक्त्यात सैनीही ०.५ च.

आता चौकाकडे येऊ. गेल्या डिसेंबरात, गाळप ऐन भरात असताना, सकाळी सातच्या सुमारास मी दूध आणायला सायकलवर निघालो आणि डाव्या कडेनं चौकात शिरलो. डावी कड ही आमची जागा, असं शाळेत शिकवलं होतं. मोठी वाहनं तिथेच वळतात हे मात्र शिकवायचं राहून गेलं. तुम्ही हा डावा कोपरा मोठ्या मायेनं काढला आहे. कशी ऐसपैस गोलाई! वळणाऱ्याला ब्रेकवर पायसुद्धा ठेवावा लागू नये. काटकोन असता तर बिचाऱ्याला वेग कमी करावा लागला असता, आरशात बघावं लागलं असतं, कदाचित मी दिसलोही असतो. तुम्ही त्याचे हे सगळे कष्ट वाचवलेत.

उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर गाण्याचा दणदणाट. मला वाटलं, ट्रॅक्टर पुढे गेला म्हणजे मी सुटलो. तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हाला हे ठाऊक असणार: वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेघेवर चालत नाहीत, आत कापत येतात. पहिली ट्रॉली ट्रॅक्टरच्या आत, दुसरी पहिलीच्याही आत. ड्रायव्हर सरळ रस्त्याला लागून गाणं बदलत असतो तेव्हा दुसरी ट्रॉली अजून कोपऱ्यात फूटपाथकडे सरकत असते. मधे जी चिंचोळी फट उरते तिच्यात मी होतो. बाहेर आलेला एक ऊस कानाला घासून गेला. हंगामात शाळेची पोरं चालत्या ट्रॉलीतून असाच ऊस ओढतात. मला तो न ओढता मिळत होता.

मी आणखी डावीकडे घेतली. तिथे तुमची दुसरी कलाकृती माझी वाट बघत होती, गटारावरची लोखंडी जाळी. तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनं लावल्या आहेत, आडव्या नाहीत. दोन पट्ट्यांमधली फट सायकलच्या टायरच्या मापाची. पुढचं चाक असं बसलं जणू मापं घेऊनच केलं होतं. सायकल तिथेच थांबली, मी थांबलो नाही. मनगटाला चीर, कोपर सोललेला, आणि चाकाचा आठ.

ट्रॅक्टरवाल्याला काही कळलंच नाही. त्याच्यापासून ती ट्रॉली एवढी मागे असते की कळणार कसं? टपरीवरच्या चहावाल्यानं उचललं. त्याच्याकडे दुधाच्या पातेल्याशेजारी एका डब्यात हळद आणि कापूस ठेवलेला होता. चहात हळद घालता का, विचारलं. म्हणाला, “या कोपऱ्यासाठी ठेवतो, काका. तुमचं बारीक आहे. दिवाळीआधी एक पेपर टाकणारं पोरगं...” आणि गिऱ्हाईक आलं म्हणून वळला. पुढचं मी विचारलं नाही. पण चौकाचा देखभाल विभाग कुठे आहे, ते मला समजलं.

फिर्याद दिली नाही. दिली असती तर तिचा मजकूर मला तोंडपाठ आहे, तुम्हालाही असेल: ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, भरधाव वेगात चालवून...’ दर वेळी तीच ओळ, शिक्क्यासारखी. तिचा मधला तुकडा मला फार आवडतो. रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष ड्रायव्हरनं केलं, हे पोलीस लिहितात. ती परिस्थिती कागदावर कुणी काढली आणि कुणी सही करून पुढे पाठवली, हे विचारायला पंचनाम्यात रकाना नाही. पंच टेपनं मोजतात ते घसटीचे डाग. कोपऱ्याची गोलाई कुणी मोजत नाही.

कायदा तुम्हाला अगदीच विसरला आहे असं मात्र नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरल्या मापदंडांनुसार केली नाही आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला दंड. किती? एक लाख रुपयांपर्यंत. ‘पर्यंत’ हा शब्द नीट वाचा, तुमच्या सोयीचा आहे. पुण्यात हौशी मंडळी तेवढ्या पैशात एक सायकल घेतात. म्हणजे न्याय झाला म्हणायचं, सायकलीला सायकल.

आणि मापदंड नाहीत म्हणावं, तर तेही नाही. भारतातल्या रस्त्यांचा विचार करायला १९२७ मध्ये समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. तिच्याच शिफारशींतून १९३४ च्या डिसेंबरात इंडियन रोड्स काँग्रेस जन्माला आली. याच काँग्रेसनं सायकल मार्ग कसा आखावा यावर पुस्तक काढलं, १९६२ साली. त्यात लिहिलं आहे की रस्त्यावर तासाला दोनशेहून जास्त मोटारी असतील, तर सायकली शंभर असल्या तरी त्यांना वेगळा मार्ग देणं रास्त आहे. प्लास्टर घेऊन मी टपरीवर मोजायला बसलो होतो. दोनशे मोटारी चहा निवायच्या आत झाल्या. मग शाळा सुटली, सायकलींचा लोंढा आला, आणि मी मोजणं सोडून जाळीजवळ जाऊन उभा राहिलो. पोरांना हातानं उजवीकडे ढकलत होतो. एकानं मला वेड्यात काढलं.

तुमच्या विद्वत्तेवर माझा संशय नाही, उलट ती पाहून थक्क व्हायला होतं. निजामशाहीतल्या लोकांनी खापरी नळांनी कोसा-कोसांवरून नुसत्या उतारावर या शहरात पाणी आणलं. तुमच्या चौकात पाऊस पडला की पाणी नेमकं डाव्या कडेला, जाळीवर चढून, तिला झाकून उभं राहतं. चाकाखाली रस्ता आहे की फट, हे मग ज्याच्या त्याच्या पुण्याईवर. याच शहरात संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, तिथे लष्करी गाड्या खडबडीत रस्त्यांवर मुद्दाम आदळून तपासतात. १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालयही आहे. तिथला एखादा रणगाडा भाड्यानं मिळेल का, ही चौकशी मी अजून केलेली नाही. आणि शहराला नाव कुणाचं दिलं? वाटसरूंसाठी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधणाऱ्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या लेकीचं. पाटी बदलून झाली. कोपरा तेवढा राहिला.

२०२२ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे उड्डाणपूल झाला. छान झाला, वरून जाणाऱ्याला खालचे चौक दिसतच नाहीत. आम्ही खालून, खांबांच्या रांगेतून जातो. खांबांवर शिवचरित्रातली चित्रं आहेत, ती मला आवडतात. पण खांबाआडून कोण येतंय ते कळावं म्हणून मान वळवावी लागते, त्यामुळे चित्रं निवांत बघणं होत नाही.

खर्चाचं म्हणाल तर जाळी उपटून आडवी बसवायला वेल्डरला अर्धा तास लागेल. कोपरा आत घ्यायला दोन ब्रास खडी आणि एक रविवार. थांबण्याची पांढरी रेघ मोटारींसाठी चार पावलं मागे घेतली तर आम्ही पुढे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहू. एका डबा रंगाचं काम. लंडनमध्ये बारा टनांवरच्या ट्रकच्या चालकाला काचेतून आजूबाजूचं किती दिसतं हे तपासूनच शहरात येण्याचा परवाना देतात. तुमच्याकडून एवढी अपेक्षा नाही. जाळीचं तेवढं बघा.

एक आमंत्रण आहे. येत्या सोमवारी सकाळी सात वाजता चौकात या, गाडी घरी ठेवून. माझी सायकल देतो. जुनी आहे, दांडीची आहे, पण ब्रेक लागतात आणि डायनॅमो चालतो. सीट उंच वाटली तर पाना माझ्या खिशात असतो. तुम्ही डाव्या कडेनं चौक ओलांडायचा, मी टपरीवर बसून बघेन. हळदीचा डबा भरलेला आहे, मी स्वतः भरून ठेवला आहे.

कळावे. लोभ तुमच्या तक्त्यात बसेल तेवढाच असावा.

आपला,
०.५

ता. क. सायकलवाल्यानं चाकाचा आठ काढायचे दीडशे घेतले, वर दोन स्पोकचे वेगळे. तेव्हापासून एक विचार डोक्यात आहे. केडगावात एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे बैलजोडी आहे. पुढच्या सोमवारपासून दूध आणायला बैलगाडीच घेऊन येईन म्हणतो. तुमच्याकडे आठ धरतात ना?