आवृत्ती-फडणीस

हिंजवडीच्या काचबंद इमारतींतून जे नानाविध जीव वावरतात, त्यांत स्वतः एक ओळही कोड न लिहिता, ज्याच्या मोर्तबावाचून इतरांच्या कोडला बाहेरचे जग दिसत नाही, असा एक प्राणी प्रत्येक मजल्यावर हमखास आढळतो. आमच्या मजल्यावरील गृहस्थांच्या गळ्यातील पट्ट्यावर ‘रिलीज मॅनेजर’ असे छापलेले आहे. आम्ही मात्र त्यांना फडणीस म्हणतो, आणि त्या संबोधनाने ते मनातून सुखावत असावेत, अशी आमची अटकळ आहे.

तीन आकडे आणि त्यांमधील दोन टिंबे हे फडणीसांचे आराध्यदैवत. पहिला आकडा चढला की जुने करारमदार रद्द समजावेत, दुसरा चढला तर घरात नवी वस्तू आली एवढेच जाणावे, आणि तिसरा चढला तर कोठे तरी ठिगळ लागले असे मानून स्वस्थ बसावे, हे शास्त्र टॉम प्रेस्टन-वर्नर नामक गृहस्थांनी लिहून ठेवले. फडणीसांच्या मुखातून मात्र ते मिताक्षरेच्या अधिकाराने बाहेर पडते. १.९ नंतर २.० यावाच असे नाही, १.१० ही येऊ शकतो, आणि तो १.९ हून थोर असतो, हे हिशेबखात्यातील एका वयोवृद्ध गृहस्थांना पटविण्यात त्यांची एक अख्खी दुपार खर्ची पडली. ते गृहस्थ आजही त्यांच्याकडे अफरातफरीच्या संशयाने पाहतात.

पण खरी कसोटी एका रेपोची नव्हे, सातांच्या संसाराची. देयकांचा, मोबाइल अ‍ॅपचा, अहवालांचा असे सात रेपो, प्रत्येकाची चाल निराळी, आणि ग्राहकाला मात्र सर्वांचा मिळून एकच क्रमांक सांगावयाचा! सर्वांना एकच आकडा द्यावा, तर धाकट्याला काडी न हलविता बढती मिळते. ज्याला त्याला आपापला आकडा द्यावा, तर कोणाचे कोणाशी पटते याची वही ठेवावी लागते. या पेचात भल्याभल्यांची तारांबळ उडालेली आहे. अँग्युलरच्या मंडळींनी २०१७ साली दोनावरून थेट चारावर उडी घेतली, कारण त्यांचा राउटर एकटाच आधी तिनात जाऊन बसला होता आणि सर्वांना एका पंक्तीस आणावयाचे होते. उलट ओपनस्टॅकने २०१५ साली, सालावरून पडलेला सामाईक आकडा मोडून, प्रत्येक प्रकल्पाला विभक्त चूल मांडून दिली. फडणीसांनी मध्यममार्ग काढला: आकडे विभक्त, परंतु प्रत्येक रिलीजबरोबर एक रुजवातीचा कागद, ज्यावर कोणत्या रेपोचा कोणता टॅग या खेपेस रवाना झाला, ते नमूद.

एका शुक्रवारी सायंकाळी एका नवख्या अभियंत्याने देयकांच्या रेपोवर २.४.१ चा टॅग लावला, तो सर्वत्र पोचल्यावर त्याला एक राहून गेलेली ओळ आठवली, आणि त्याने तोच टॅग उचलून गुपचूप पुढच्या कमिटवर नेऊन ठेवला. सोमवारी एकाच क्रमांकाच्या दोन बिल्ड्स निघाल्या, एक चालणारी आणि एक कोसळणारी. कारण ज्या यंत्राने जुना टॅग आधीच उतरवून घेतला होता, त्याला गिट तो आपणहून बदलून देत नाही. फडणीसांनी आवाज चढविला नाही. चष्मा पुसत ते एवढेच म्हणाले, “अरे बाबा, रजिस्टर झालेल्या खरेदीखतावर खाडाखोड करतोस? चुकलं तर २.४.२ काढ. आकडे काय रेशनवर मिळतात?”

इतक्या खटाटोपाने सिद्ध झालेला क्रमांक ग्राहकाच्या पडद्यावर, खालच्या कोपऱ्यात, राखाडी रंगात मुंगीएवढा उमटतो. एरवी तो कोणी वाचत नाही. पण तक्रार आली की पहिली विचारणा त्याचीच होते, आणि त्या वेळी रुजवातीचा कागद उलगडून सातांतला नेमका गुन्हेगार हजर करणारा माणूस कचेरीत एकच असतो. तेव्हा वाचकहो, आपल्या कचेरीत असा फडणीस असेल, तर त्याला जपा. आणि शुक्रवारी चारनंतर त्याच्याकडे टॅग मागावयास जाऊ नका.