फॉरमॅट मारा!

डेस्कटॉप कॉम्प्युटर वरचेवर बंद पडायला लागला की आपल्याकडे निकाल आधी लागतो आणि तपास मागाहून होतो. बहुतेक वेळा होतच नाही. आजोबांच्या मते मुलांनी गेम टाकले म्हणून, मुलांच्या मते आजोबांनी लॉटरी लागल्याच्या मेलवर क्लिक केलं म्हणून, आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या शेजारच्या तज्ज्ञाच्या मते व्हायरस शिरला म्हणून. निदानं तीन, औषध एकच: फॉरमॅट मारा. मग कॉम्प्युटरवाला येतो, दुपारभर बसून विंडोज नव्यानं मारतो आणि आठ दिवसांनी यंत्र पुन्हा पहिल्यासारखंच मान टाकतं. माझं म्हणणं एवढंच, की फॉरमॅट ही दुरुस्ती कमी आणि पुरावा नष्ट करण्याची घरगुती पद्धत जास्त आहे. यंत्र कशानं पडलं याच्या नोंदी ज्या डिस्कवर असतात, तीच आपण सगळ्यात आधी पुसतो. असा तपास करणारा फौजदार निलंबित होईल. इथे त्याला पैसे देऊन वर चहा पाजतात.

वास्तविक कॉम्प्युटर पडताना बरंच काही सांगून पडतो. निळा पडदा आला तर त्यावर झालेल्या चुकीचं नाव लिहिलेलं असतं. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्यावर एक रडका चेहराही काढून दिला, म्हणजे दुःखात यंत्रही सामील आहे अशी आपली समजूत पटावी. पण पडल्यावर आपोआप रीस्टार्ट व्हायची सोय विंडोजमध्ये मुळातच चालू असते, त्यामुळे ते नाव वाचायला चष्मा शोधेपर्यंत पडदा गेलेला असतो. ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. निळा पडदा न येता दिवे गेल्यासारखं यंत्र एकदम बंद झालं, तर संशय वीजपुरवठ्यावर किंवा उष्णतेवर घ्यावा. अशा वेळी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ४१ क्रमांकाची नोंद सापडते. तिचा मजकूर इतकाच, की कॉम्प्युटर नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. हे आपल्यालाही दिसलेलं असतं, हे खरं. पण त्या नोंदीत निळ्या पडद्याचा कोड नसून शून्य असेल, तर विंडोजला चूक लिहायलाही सवड मिळाली नाही, हे कळतं. पंप सुरू झाला की पडतो, की गेम चालू केल्यावर थोड्या वेळानं पडतो, एवढं कागदावर टिपलं तरी अर्धं काम होतं.

कॅबिनेटचं झाकण काढलं की खरे आरोपी बहुधा तिथेच बसलेले आढळतात. प्रोसेसरच्या पंख्यावर दोन दिवाळ्यांची धूळ असते, खालची पेस्ट वाळून खडखडीत झालेली असते. तापमान शंभर अंशांच्या आसपास पोचलं की प्रोसेसर आधी वेग कमी करतो, तरीही तापत राहिला तर जीव वाचवायला स्वतःच बंद पडतो, आणि या शहाणपणाला आपण बिघाड म्हणतो. स्वस्तातला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, लोड आला की माघार घेतो. मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले असले तर ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. आणि रॅम! गूगलच्या सर्व्हरांवरचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त रॅम-पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या. तिथल्या रॅमला चूक ओळखून सुधारायची सोय असते. घरच्या कॉम्प्युटरच्या रॅमला ती सहसा नसते, म्हणून तिच्या चुका व्हायरसच्या खात्यावर मांडल्या जातात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘फॉरमॅट केल्यावर चालतो की!’ चालतो ना. पण कॉम्प्युटरवाला नुसतं विंडोज मारत नाही. तो येताजाता पंख्यावर फुंकर घालतो, रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासतो, सैल केबल दाबून बसवतो. यातल्या कशानं गुण आला हे तोही सांगू शकणार नाही, कारण सगळं एकदमच केलेलं असतं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम त्यासाठीच आहे. दुसरा आक्षेप असा, की दोष सॉफ्टवेअरचाही असतो. असतोच. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली, विमानं खोळंबली. म्हणजे राखणदारानंच घर पाडलं. पण तिथेही उपाय सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढण्याचा निघाला; कुणी ८५ लाख फॉरमॅट मारले नाहीत. तिसरा आक्षेप वेळेचा. रॅमची चाचणी रात्री लावून झोपता येतं. फॉरमॅटनंतर प्रिंटरचा ड्रायव्हर आणि मराठी फाँट शोधताना झोप लागत नाही.

तपासाची परंपरा जुनी आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू या यंत्रात बिघाड झाला, तेव्हा तिथल्या लोकांनी यंत्र उघडलं, रिलेत अडकलेला पतंग शोधला आणि चिकटपट्टीनं तो नोंदवहीत लावून ठेवला. आपल्याला पतंग जपायची गरज नाही. झुरळ निघालं तर टाकून द्यावं. पण प्लग काढून कॅबिनेट उघडावं, धूळ झटकावी, रॅम नीट बसवावी. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये, प्लग काढल्यावरही आत वीज शिल्लक असते. फॉरमॅट मारायचाच तर सगळं करून झाल्यावर मारावा, आणि त्याआधी लग्नाच्या फोटोंचा बॅकअप घ्यावा. ‘डेटा गेला’ हे वाक्य कॉम्प्युटरवाले फार शांतपणे उच्चारतात.