तुमच्या चिरंजीवांची झारी

मनामा, बहरीन
११ जानेवारी

तीर्थरूप आईंना शिरसाष्टांग नमस्कार,

‘थंडीत घरातली झाडं कशी जगवावीत’ हे तुमच्या पुरवणीतलं कात्रण फोनवर मिळालं. कुंडी हीटरपासून लांब ठेवा, पानं गार काचेला टेकू देऊ नका, हे वाचून आमची छान करमणूक झाली. आई, आमच्याकडे हीटरच नाही. पहाटे चौदा-पंधरा अंश झाले की तुमचे चिरंजीव तुम्ही विणलेला स्वेटर चढवतात आणि दुपारी तो कमरेला बांधलेला असतो. कराडची थंडी याहून खरी.

इथल्या झाडांचा वनवास उन्हाळ्यात. बाहेर चाळीसच्या वर, म्हणून आत रात्रंदिवस एसी, आणि त्याचा झोत नेमका पीस लिलीच्या डोक्यावर. कडा जळून पानांचे पापड होतात. त्यात पाण्याची गंमत. गच्चीवरची टाकी अशी तापते की गार पाण्याच्या नळालाही कढत पाणी येतं. म्हणून लोक उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतात आणि त्यात साठलेलं पाणी गार म्हणून वापरतात. पहिल्या वर्षी मी हे फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही ह्यांना हळूच विचारलं होतंत, सूनबाईंची तब्येत बरी आहे ना? त्याच जुलैत मी झारी थेट नळाखाली भरली आणि पुदिना कुंडीतच वाफवला.

तेव्हा थंडी ही इथल्या झाडांची दिवाळी. एसी बंद, खिडक्या उघड्या, पाणी माणसात आलेलं. शिवाय ऊन. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ टाळूवर असतो, खिडकीतून आत डोकावतसुद्धा नाही. आता तो दक्षिणेला कलला आहे, त्यामुळे हॉलच्या खिडकीतून ऊन पार सोफ्यापर्यंत येऊन बसतं. लोणच्याच्या बरणीतला मनीप्लांट पडद्याच्या दांडीवर चढला आहे. तुळशीला मंजिऱ्या आल्यात. तिच्या शेजारी मशमूम ठेवलाय. बुदैयाला हिवाळ्यात शनिवारी शेतकरी बाजार भरतो, तिथून आणला. इथल्या बायका सणाला, लग्नाला तो केसांत माळतात. जात आपल्या सब्जाची, वास घमघमीत. चिरंजीवांनी आणल्या आणल्या विचारलं, याची चटणी होते का?

आता मूळ तक्रार. उन्हाळ्यात रोज पाणी घालायची सवय लागली, ती ह्यांची काही सुटेना. थंडीत झाडाची तहान कमी होते, माती आठ-आठ दिवस ओली राहते. स्नेक प्लांटला तर महिन्यातून एकदा पाजलं तरी पुरे. हे मात्र सकाळी चहाच्या आधी झारी घेऊन हजर. डिसेंबरात त्याचं एक पान कललं. ‘तहानलंय बिचारं,’ म्हणून ह्यांनी दुसरी झारी रिकामी केली. मी पान नुसतं धरलं तर ते बुडातून सुटून हातात आलं. खालचं टोक पिवळं, बुळबुळीत, आणि वास सांडग्यांचं पीठ आंबल्यासारखा.

वरचा धड भाग कापून तुकडे केले, दोन-तीन दिवस सुकवले आणि कोरड्या मातीत खोचले. फुटायला महिने लागतात. आणि फुटले तरी गंमत बघा, पानाच्या तुकड्यापासून येणाऱ्या पिलांना मूळ पानाची पिवळी किनार येतच नाही, ती साधी हिरवी निघतात. म्हणजे काठापदराचं लुगडं दिलं आणि बिनकाठाचं परत आलं! पिवळी किनार हवी असेल तर गड्डाच फोडून लावावा लागतो, आणि गड्डा तर ह्यांनी बुडवला.

गेल्या सुट्टीत आम्ही ‘जीवनवृक्ष’ बघायला गेलो. जबल दुखानच्या बाजूला उघड्या वाळवंटात एकटंच झाड, चारशे वर्षांहून जुनं. जवळ झरा नाही की विहीर नाही, बारीक पानांची दाट छाया मात्र आहे. आणि आई, ती चक्क शमी आहे! दसऱ्याला तुम्ही जिची पूजा करता तीच. मुळं खोल जातात म्हणे, तिथून जी काय ओल मिळेल त्यावर भागवते. मी हात जोडले. डोळे उघडून बघते तर हे पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून पुढे निघालेले. भोवती कुंपण आहे, म्हणून चारशे वर्षांचं पुण्य वाचलं.

बाकी सगळं ठीक. गुडघ्यांना तेल लावत जा. तिळगुळाच्या वड्या पाठवाल त्या दोन डब्यांत पाठवा. एका डब्याचं काय होतं ते तुम्ही जाणताच.

तुमची,
सूनबाई

ता. क. झारी मी वॉशिंग मशीनच्या मागे लपवली आहे. ह्यांचा फोन आला तर तुम्हाला काही माहीत नाही.